अवघड जागेचे दुखणे

'अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर' ही म्हण ज्या कुणा आजीबाईने प्रथम उच्चारली असेल, तिला माणसाच्या स्वभावाची चांगली पारख असली पाहिजे. दुखणे आहे, औषध देणारा घरातलाच आहे, फीसुद्धा पडणार नाही. अडचण एवढीच की दाखवायचे कसे? आपण ही म्हण हल्ली राजकारणासाठी वापरतो. आघाडीतल्या कुरबुरी, पतसंस्थेतला घोटाळा, साखर कारखान्याची थकबाकी, कशालाही ती लागू पडते आणि चारचौघांत हशा पिकवते. पण तिच्या मूळ अर्थाने ज्यांच्यावर वेळ येते, ती मंडळी म्हण उच्चारत नाहीत. ती गप्प बसतात.

आज त्या गप्प बसण्याविषयी लिहायचे आहे, आणि तेही एका साध्या, सहसा जिवाला धोका नसलेल्या दुखण्याच्या निमित्ताने. जननेंद्रियांवर, गुदद्वाराच्या आसपास किंवा जांघेत येणाऱ्या चामखिळी हा तो विषय. रविवारच्या सकाळी, चहाच्या कपाबरोबर हे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. वाटू द्या. हे दुखणे तुमच्याआमच्यासारख्या चारचौघांच्या घरात येते आणि घरातच दडवले जाते. मग त्याच्यावर बोलायची जागाही घरातच असायला हवी.

आधी दुखण्याची ओळख करून घेऊ. ह्यूमन पॅपिलोमा नावाचा एक विषाणू आहे. डॉक्टर त्याला थोडक्यात एचपीव्ही म्हणतात. याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काही हातापायांवर चामखिळी आणतात, सुमारे चाळीस प्रकार जननेंद्रियांच्या नाजूक त्वचेवर वस्ती करतात. त्यातल्या ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे दहापैकी नऊ जणांच्या या चामखिळी येतात. दिसायला त्या कधी मोहरीच्या दाण्याएवढ्या, कधी कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या, वाढल्या तर फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या. बहुधा दुखत नाहीत. कधी खाज येते, कधी रक्त येते, आणि मनाला घोर मात्र सदैव लागून राहतो.

तिथला प्रत्येक उंचवटा चामखीळच असतो असेही नाही. पुरुषांमध्ये काही बारीक मोत्यासारखे दाणे अगदी नैसर्गिक असतात, त्यांना कोणत्याही औषधाची गरज नसते. उलट उपदंश, म्हणजे सिफिलिस या आजारातही चपटे, ओलसर उंचवटे येतात, ते चामखिळीसारखे दिसतात आणि त्यांचा उपचार पूर्णपणे वेगळा असतो. म्हणून आरशात पाहून किंवा मित्राला विचारून निदान करायचा हा विषय नाही. जाणत्या डॉक्टरने पाहायला हवे, आणि सोबत रक्ताची तपासणीही व्हायला हवी.

पण डॉक्टरपर्यंत जातो कोण? माझी उभी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षे नांदेड-लातूरकडच्या शाखांत. कर्जमागणीच्या अर्जावर 'प्रयोजन' नावाचा एक रकाना असतो. विहीर, मोटार, म्हैस, मुलीचे लग्न अशी प्रयोजने लोक ठणठणीत आवाजात सांगत. 'औषधोपचार' म्हणणाऱ्याचा आवाज मात्र खाली येई. कसला आजार, असे विचारले की उत्तर ठरलेले: मूळव्याध! मराठवाड्यात मूळव्याध ही फार उपकारी व्याधी आहे. कमरेखालचे जे जे सांगण्यासारखे नसते ते सारे तिच्या खाती जमा होते.

त्या काळात आणि आजही एसटी स्टँडच्या भिंतीवर, रेल्वेच्या रुळालगतच्या कुंपणावर, लॉजच्या जिन्यात चुन्याने किंवा रंगाने रंगवलेली अक्षरे दिसतात: गुप्तरोगांचा खात्रीशीर इलाज. महिन्यातून अमुक वारी अमुक लॉजवर भेटा. अशा आजारांवरच्या इलाजाच्या जाहिराती करायला १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांसंबंधीच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याला आता सत्तरहून अधिक वर्षे झाली. भिंती अजून बोलतातच. कारण गिऱ्हाईक आहे. ज्याला गावातल्या डॉक्टरकडे जाण्याची लाज वाटते त्याला परगावचा, नाव न विचारणारा वैदू सोयीचा वाटतो. पैसे जातात, बिल मिळत नाही, तक्रार करता येत नाही. फसवणूक करणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे?

ज्यांना तेही जमत नाही ते घरगुती उपाय करतात. मानेवरच्या चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा, चुना आणि सोडा लावायचा, बिब्ब्याचा चटका द्यायचा, हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आले. मानेवर किंवा हातावर ते एखादे वेळी खपूनही जाते. पण जननेंद्रियाच्या कातडीवर चुना किंवा बिब्बा म्हणजे निखारा ठेवण्यासारखे आहे. चामखीळ राहते बाजूला आणि जखम महिनोन्‌महिने चिघळते. औषधाच्या दुकानात तळपायाच्या भोवरीसाठी मिळणारे सोलणारे औषधही या जागेसाठी नाही. आणि खरूज-नायट्यासाठी म्हणून विकली जाणारी स्टिरॉइडची मलमे इथे लावली, तर त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि चामखिळीला मोकळे रान मिळते.

खरा उपचार काय, हे आता पाहू. तो ना फार महाग आहे, ना फार अवघड. एक जुने औषध पोडोफायलिन. हिमालयात वाढणाऱ्या बनककडी नावाच्या वनस्पतीच्या, किंवा तिच्या अमेरिकेतल्या बहिणीच्या मुळांतून निघणारी ही राळ आहे. डॉक्टर ती स्वतः लावतात, आजूबाजूच्या कातडीला लागू देत नाहीत, आणि काही तासांत धुऊन टाकायला सांगतात. गर्भार स्त्रीला ती चालत नाही. दुसरा उपाय ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा. तोही डॉक्टरच्या हातूनच, पण तो गर्भारपणातही वापरता येतो. तिसरा उपाय घरी लावायचे इमिक्विमोड मलम. आठवड्यातून तीन रात्री लावायचे, सकाळी धुवायचे, आणि हे जास्तीत जास्त सोळा आठवडे. हे मलम चामखीळ जाळत नाही. त्या जागी शरीराच्या स्वतःच्या रखवालदारांना जागे करते. त्यामुळे थोडी लाली आणि चुरचुर होते, ती पाहून घाबरून औषध सोडायचे नसते. मलम अंगावर असताना संबंध मात्र टाळायचे.

चौथा उपाय गोठवण्याचा. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही. देवणी किंवा लाल कंधारी गाईचे कृत्रिम रेतन करायला गुरांचे डॉक्टर येतात, तेव्हा ज्या पात्राचे झाकण उघडताच धूर निघतो, त्यात द्रवरूप नायट्रोजन असतो. उणे १९६ अंश तपमानाचा. त्याच नायट्रोजनने चामखीळ काही सेकंद गोठवतात. तिच्या पेशी मरतात आणि काही दिवसांत ती गळून पडते. याशिवाय विजेच्या सुईने जाळणे, लेसर, आणि फार मोठी झाल्यास कापून काढणे हेही उपाय आहेत. सर्वांना लागू पडेल असा एकच सर्वोत्तम उपाय नाही. संख्या किती, आकार किती, जागा कोणती, बाई गर्भार आहे काय, हे पाहून डॉक्टर निवड करतात. बहुधा एका खेपेत काम होत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने फेऱ्या माराव्या लागतात. 'मागच्या खेपेला जाळली, तरी राहिलीच' म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता सर्वांत जिकिरीचा प्रश्न. गेलेली चामखीळ पुन्हा का येते? याचे उत्तर असे की आपण चामखीळ काढली, विषाणू काढलेला नाही. तो आजूबाजूच्या, वरून अगदी निरोगी दिसणाऱ्या त्वचेत दबा धरून असतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर बाकी शून्य झाली, पण खाते बंद झाले नाही. ते निष्क्रिय झाले आहे, आणि व्यवहार केव्हाही पुन्हा सुरू होऊ शकतो. पुन्हा येण्याचा धोका उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. म्हणून त्या काळात दाखवायला जात राहणे आवश्यक. खाते कायमचे बंद करण्याचे काम औषध करीत नाही, शरीराची प्रतिकारशक्ती करते. आणि बहुतेकांच्या बाबतीत ती एक-दोन वर्षांत ते करतेही. आपण तिच्या मार्गातले अडथळे तेवढे दूर करायचे. बिडी-सिगारेट सोडायची. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवायची. वारंवार येत असतील, झपाट्याने वाढत असतील तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची. शासकीय रुग्णालयात ती विनामूल्य आणि गुप्तता राखून होते. त्या जागेवर वस्तरा फिरवायचा नाही, कारण पात्यासरशी विषाणू बारीक जखमांतून पसरू शकतो. चामखिळी असेपर्यंत संबंध टाळावेत, आणि नंतरही काही महिने निरोध वापरावा. निरोधाने धोका कमी होतो, संपत नाही. कारण हा विषाणू त्वचेच्या स्पर्शातून जातो आणि निरोध सगळी त्वचा झाकत नाही.

आणि या यादीतली सगळ्यात महत्त्वाची, सगळ्यात टाळली जाणारी गोष्ट: जोडीदाराला सांगायचे. नवऱ्याने गुपचूप जाऊन जाळून यायचे आणि बायकोला 'काही नाही, गळू होते' म्हणायचे. किंवा बायकोने बाळंतपणाच्या तपासणीत कळलेले पदराआड ठेवायचे, हा आपल्याकडचा रिवाज. परिणाम असा होतो की दुसऱ्याच्या अंगावरच्या चामखिळी कुणी पाहतच नाही, त्याच्यावर उपचार होत नाहीत आणि त्याच्या मनात काय चालले आहे हेही कळत नाही.

मन हा शब्द मी मुद्दाम वापरला. या दुखण्यात अंगाला होणाऱ्या त्रासाहून मनाला होणारा त्रास मोठा असतो. चामखीळ दिसली की पहिला प्रश्न मनात येतो तो 'कुणाकडून?' हा. आणि आपल्या समाजात या प्रश्नाचे उत्तर बहुधा बाईलाच द्यावे लागते. तिला माहेरी धाडले जाते, बैठका बसतात, नको ते बोलले जाते. अशा बैठकीत बसणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याला एक गोष्ट माहीत असायला हवी. संसर्ग झाल्यापासून चामखीळ उगवेपर्यंत साधारणपणे दोन-तीन महिने, पण कधी आठ महिने, आणि कधी वर्षेही जातात. ज्याच्याकडून विषाणू आला त्याच्या अंगावर चामखीळ दिसलीच पाहिजे, असेही नाही. म्हणजे आज उगवलेल्या चामखिळीवरून काल कोण कुठे गेले होते हे सिद्ध होत नाही. तो पुरावा ग्राह्य नाही. लग्नाआधीच्या काळातला, कुणालाही ठाऊक नसलेला संसर्गही नंतर डोके वर काढू शकतो. विज्ञानाने दिलेला हा दिलासा घराघरांत पोहोचला, तर कितीतरी संसार बिनकारणाच्या संशयातून सुटतील.

दुसरी भीती कर्करोगाची. इथे दोन चुलतभावांतला फरक समजून घ्यावा लागतो. चामखिळी आणणारे ६ आणि ११ हे प्रकार कर्करोग करीत नाहीत. गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारे त्यांचे भाऊबंद वेगळे. त्यात १६ आणि १८ हे दोघे मुख्य, जगातल्या अशा कर्करोगांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांना तेच कारण. हा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत म्हणजे त्यांची वाट चामखिळींवरूनच गेली होती. चामखिळींतल्या विषाणूंचा अभ्यास करता करता १९८३ मध्ये त्यांच्या चमूला कर्करोगातला १६ क्रमांकाचा विषाणू सापडला. ज्या गोष्टीकडे बघायला जग लाजत होते तिच्याकडे त्यांनी नीट बघितले, एवढेच.

तेव्हा चामखीळ आली म्हणजे कर्करोग होणारच, असे कुणी सांगितले तर घाबरू नये. अशा भीतीचा व्यापार आपण पाहिलेला आहे. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला समिती नेमावी लागली. मात्र तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने, चामखीळ असो वा नसो, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी हे तितकेच खरे. आणि याबाबतीत जगाला धडा शिकवणारा प्रयोग आपल्याच उंबऱ्यावर झाला, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

१९८२ पर्यंत लातूर ज्या जिल्ह्याचा भाग होता, त्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईची टाटा मेमोरियल संस्था आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये तिथल्या खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. डॉ. आर. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने ही त्यातली प्रमुख नावे. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. एका गटातल्या स्त्रियांची आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी केली. दुसऱ्या दोन गटांत वेगळ्या पद्धतीच्या तपासण्या झाल्या, आणि एक गट नेहमीच्या सेवेवर सोपवण्यात आला. आठ वर्षांनी हिशेब मांडला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या होत्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे कठोर टीका झाली, आणि ती टीका उडवून लावण्यासारखी नाही. आपल्याच गावच्या त्या चौसष्ट जणी होत्या.

पण मला या अभ्यासातला आणखी एक आकडा महत्त्वाचा वाटतो. ज्या बायकांना एचपीव्हीच्या तपासणीला या म्हणून सांगितले, त्यांतल्या दर पाचांपैकी जवळपास चार जणी आल्या. कुणी आणले त्यांना? कुठल्या कायद्याने नाही की दंडाने नाही. आरोग्यसेविका घरोघर गेल्या, नीट बोलल्या, काय करणार आहोत आणि का ते सांगितले, आडोसा दिला. शेतावर जाणाऱ्या, पदर डोक्यावरून ढळू न देणाऱ्या, खेड्यापाड्यातल्या बायका! 'आमच्याकडच्या बायका लाजतात हो, त्या येत नाहीत,' असे शहरातले सुशिक्षित लोक सांगतात, तेव्हा हा आकडा मला आठवतो. लाज आहे, यात शंका नाही. पण सन्मानाने विचारले तर ती बाजूला ठेवण्याची तयारीही आहे. कमतरता विचारणाऱ्यांची आहे.

मराठीत असे विचारणारा, बोलणारा माणूस होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. ज्या विषयांचे नाव काढायला लोक धजत नव्हते त्यांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना ते छापील उत्तरे देत. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्व्यांचे नाव आपण आदराने घेतो, पण त्यांचा कित्ता किती गिरवला? मराठी कादंबरीने आपल्या नायक-नायिकांना क्षय दिला, महारोग दिला, वेड दिले, कर्करोग दिला. कमरेखालचे साधे दुखणे द्यायला मात्र आम्ही कादंबरीकारही कचरलो. सरकारी रुग्णालयातल्या पाटीवरही 'त्वचा व गुप्तरोग विभाग' असेच लिहिलेले असते. पाटीच जर रोग गुप्त ठेवा म्हणत असेल, तर रोग्याने काय करावे?

बोलण्याचे महत्त्व उपचारापुरते नाही, प्रतिबंधासाठीही तितकेच आहे. कारण या विषाणूला आता लस आहे. तिने काय साधते हे पाहायचे तर ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. तिथे २००७ पासून शाळकरी मुलींना ही लस देण्यात आली. लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या एकवीस वर्षांखालच्या तरुणींमध्ये चामखिळींचे प्रमाण २००७ मध्ये ११.५ टक्के होते, ते २०११ मध्ये एक टक्क्याच्या आत आले. ज्यांना लस दिलीच नव्हती त्या तरुण मुलांमध्येही ते घसरले. तिथल्या डॉक्टरांना तरुण वयातली चामखीळ बघायला मिळेनाशी झाली. 'पुन्हा उद्भवू नये म्हणून काय करावे' या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर 'मुळात उद्भवूच देऊ नये' हे आहे, आणि ते आता हाताशी आहे.

आपल्या पुण्याच्या सीरम संस्थेने बनवलेल्या 'सर्वाव्हॅक' या लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांविरुद्ध आहे. म्हणजे चामखीळ आणि कर्करोग दोन्हींसाठी. ९ ते २६ वयाच्या मुलींना आणि मुलांनाही ती देता येते. विषाणूची गाठ पडण्यापूर्वी, लहान वयात दिली तर तिचा सर्वाधिक उपयोग. आलेली चामखीळ मात्र लसीने बरी होत नाही. तो भ्रम नको.

लसीच्या बाबतीतही न बोलण्याने काय होते, हे आपण शेजारी पाहिले. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या, आजच्या तेलंगणातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण अनेक मुलींच्या संमतिपत्रावर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनांच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, हे उघड झाले. आईबापांशी कुणी बोललेच नव्हते. त्या गदारोळात देशभरातले असे सारे अभ्यास थांबले. बार्शीसह अनेक ठिकाणी चाललेल्या दुसऱ्या एका अभ्यासातल्या सुमारे पाच हजार मुलींना ठरलेल्यापैकी एकच मात्रा मिळून राहिली. पुढे दहा वर्षे त्यांच्याकडे लक्ष ठेवले, तेव्हा एका मात्रेनेही १६ व १८ या विषाणूंचा टिकून राहणारा संसर्ग जवळजवळ तितकाच रोखला जातो, असे २०२१ मध्ये दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक मात्राही चालेल असे सांगितले, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे. विश्वासघाताच्या वादातून असे काही हाती लागावे, हा योगायोग. दर वेळी तो घडेल, या भरवशावर राहता येत नाही.

लातूर आणि नांदेड ही आज शिकवण्यांची गावे आहेत. 'लातूर पॅटर्न'च्या नावाने राज्यभरातून मुले-मुली येतात, खोल्या घेऊन राहतात, डॉक्टर व्हायची स्वप्ने पाहतात. एकेका वर्गाच्या फीपायी आईबाप शेत गहाण टाकतात. ती कागदपत्रे माझ्या टेबलावरून गेलेली आहेत. याच आईबापांपैकी किती जणांनी मुलांना घरून पाठवण्यापूर्वी या लसीबद्दल डॉक्टरांना विचारले असेल? विचारले तर 'म्हणजे आमच्या मुलीवर संशय?' असा अर्थ कुणी काढील ही भीती. धनुर्वाताची लस देताना मुलाने गंजका खिळा रुतवून घेण्याची परवानगी आपण देत नसतो. ही लस सगळ्यांसाठी सारखी. तिच्यात कुणाच्या चारित्र्याचा दाखला नाही.

तेव्हा मागणे काय आहे? विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, लातूरची विलासराव देशमुख संस्था असो, की तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय. अशा रुग्णाला तपासताना दार बंद व्हावे, खोलीत रुग्णाखेरीज तिसरा माणूस डोकावू नये. लैंगिक आजारांसाठी शासनाने 'सुरक्षा क्लिनिक' नावाची केंद्रे काढली आहेत. त्यांचा पत्ता भिंतीवरच्या वैदूच्या पत्त्याइतका तरी ठळक लिहिला जावा. डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहिताना 'पुढच्या वेळी दोघे या' हे वाक्य आवर्जून म्हणावे. शाळेच्या पालकसभेत गुणपत्रिकेच्या जोडीला लसीचाही विषय निघावा, आणि लस कुठे मोफत मिळते व कुठे विकत, हे तिथेच सांगितले जावे. यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

बाकीचे काम घरातले आहे. रविवारची पुरवणी घरात चार हातांतून फिरते. कोडे सोडवणारे, पाककृती कापून ठेवणाऱ्या, परीक्षेची तयारी करणारे असे सगळेच ती उलगडतात. हे पान कुणी वाचून झाल्यावर घडी घालून गादीखाली ठेवू नये. टेबलावर उघडे राहू द्यावे. घरातल्या एखाद्याला ते नेमके हवे असेल, आणि तसे तो तुम्हाला सांगू शकत नसेल.